हसरं अस्वल

माझ्या सासूबाई, लारिसा, मॉस्कोत कार्टून फिल्मची चित्रं काढायच्या. अण्णासाहेबांशी लग्न करून दिल्लीला आल्या आणि रिटायर होईपर्यंत सरकारी फिल्मसाठी मलेरियाचे डास काढत बसल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र अजून राग येतो.

त्यांच्या टेबलावर छोटा आरसा असे. जो चेहरा काढायचा, तो आधी आरशात स्वतः करून बघायचा आणि दिसेल तेच कागदावर उतरवायचं, हा त्यांचा हट्ट. त्यांचे डाससुद्धा त्यांच्यासारखीच भुवई उडवायचे.

यंदा पक्षाघाताने त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला, पण हात शाबूत राहिला. नातीने हसरं अस्वल मागितलं. सासूबाईंनी आरशात बघत काढलं. ते एकाच गालाने हसत होतं.

"आजी, याला काय झालंय?" नातीने विचारलं.

सासूबाईंनी आरसा पालथा ठेवला आणि मला समोर बसवलं.

"पद्मजा, आता तू हस."

मी तोंडभर हसले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग खाली मान घालून काढू लागल्या. शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

अस्वल रडत होतं.