थोरली कुठे, धाकटी कुठे

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. थोरली म्हणजे आईने धंदा सुरू करताना घेतलेला तीनचाकी टेम्पो. चढावर तो सायकलवाल्यालाही वाट देतो. धाकटी म्हणजे मागाहून घेतलेली मोठी बंदिस्त गाडी, थोरलीला पोटात घेईल एवढी. आमच्या घरात मान वयाला, अंगाला नाही, त्यामुळे या नावांत कुणाला कधी वावगं वाटलं नाही. थोरली चालवतात काका, म्हणजे बाबांचे भाऊ. धाकटी चालवते मावशी. ती स्वतः आईची धाकटी बहीण असल्यामुळे "धाकटी आली का?" असं विचारलं की आमच्याकडे आधी "कुठली?" हेच ऐकू येतं.

धंदा माशांचा. खायच्या नव्हे, बघायच्या. दुकानांना आणि हौशी लोकांना काचेच्या टाक्यांसाठी जिवंत मासे पोचवायचे. लहान मासे पिशवीत हवा भरून जातात, मोठे पिंपातून, आणि पिंपात पंपाने सतत हवा सोडावी लागते. माल असा, की उशीर झाला तर तो रुसत नाही, मरतो.

म्हणूनच आईने गाड्या कुठे आहेत ते दाखवणारी यंत्रं घेतली. सुट्टीत एका संध्याकाळी एकजण ती बसवून गेला. "एक थोरलीत बसव, एक धाकटीत," एवढंच आईने त्याला फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाच्या पडद्यावर आमच्या शहराचा नकाशा आला आणि त्यावर दोन ठिपके, खाली नावं. मी तर हरखूनच गेले. आईला दाढ काढायला जायचं होतं. गाल धरूनच ती म्हणाली, "आज नीट सांभाळलंस तर सुट्टीभर ही खुर्ची तुझी. नाहीतर मामाला बोलावते."

मामा आला की माझ्याकडे उरतं जाळ्या धुणं. मी खुर्ची ओढली, ताठ बसले आणि आवाज जरा जाड करून पाहिला. बरा वाटला.

आता आमच्या काकांबद्दल एक सांगायला हवं. ते फोनवर "निघालोच" म्हणाले की समजायचं, चप्पल शोधतायत. "पोचतोच" म्हणाले की समजायचं, आत्ता कुठे निघाले. इतकी वर्षं आम्ही हा हिशोब मनातल्या मनात करत आलो. आता पडदा होता. आता कुणाचं काही चालणार नव्हतं.

थोडा वेळ झाला आणि बघते तर थोरलीचा ठिपका पुलावरून सुसाट चाललेला. मी काकांना फोन लावला.

"काका, इतकं पळवू नका. पिंपं हिंदकळतील."

"कोण पळवतंय? मी पोस्टासमोर चहा पितोय."

"मला दिसतंय हं."

"बरं बाई, दिसतंय तर दिसतंय. एक घोट राहिलाय, निघालोच."

मी हसले. सवय जाता जात नाही माणसाची. मग धाकटीकडे नजर गेली. तिचा ठिपका पोस्टाजवळ मेखेसारखा ठोकलेला. हलेचना. मी मावशीला फोन केला. गाडी चालवताना तिच्या कानात फोनचं यंत्र असतंच.

"मावशी, किती वेळ झाला, हलली नाहीस तू."

"हलले नाही म्हणजे? पूल ओलांडला मी."

"पडद्यावर तू पोस्टाजवळ आहेस. खरं सांग, कुणाशी गप्पा मारत बसलीस?"

मग ती अगदी सावकाश म्हणाली, "काल माझ्याकडून वेणी घालून घेत होतीस, आज माझी हजेरी घेतेस होय? पडद्यालाच विचार मग." आणि फोन बंद. पुन्हा लावला तर साफ बंद.

मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. हे मी मनात म्हटलं, एवढं तरी बरं.

तेवढ्यात काकांचा फोन. आवाज बदललेला. "ऐक गं. पंप बंद पडलाय. तारही बघितली, काही उपयोग नाही. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. दुसरा पंप धाकटीत आहे ना, तो पाठव इकडे. पोस्टासमोर."

थोरलीत ती सोनेरी मोठी जोडी होती. तळहातावर मावेल एवढ्या पिशवीत आली होती तेव्हापासून मीच तिला खाऊ घालत आले होते.

"काका, पाणी मगाने उंचावरून ओतत राहा."

"तेच करतोय. किती वेळ पुरणार ते?"

मी पडद्याकडे पाहिलं. थोरली पुलाच्या पार पलीकडे, अजून धावतेय. आणि काकांच्या फोनमधून मगाने ओतलेल्या पाण्याचा आवाज येतोय. माणूस चहासाठी थाप मारेल, उशिरासाठी मारेल, पण मदत मागताना आपण कुठे आहोत ते खोटं कशाला सांगेल? पोस्टासमोर उभा असलेला ठिपका त्यांचाच होता. फक्त त्याचं नाव धाकटी होतं.

मग लख्ख उजाडलं. यंत्र बसवणाऱ्याने अंगणात दोन गाड्या पाहिल्या. एक धिप्पाड, एक चिमुकली. थोरली कुठली, धाकटी कुठली, हे विचारायची त्याला गरजच काय पडणार होती?

म्हणजे पुलापलीकडची "थोरली" ही मावशी. तिचा फोन बंद, आणि तो बंद मीच करायला लावलेला. पण ठिपका आता मंदावत होता, वळला, आणि पुलापलीकडच्या दुकानदाराच्या दारात थांबला. मी त्यांना फोन लावला.

"तुमच्या दारात आमची गाडी उभी राहिलीय बघा. तिच्यातल्या बाईंना सांगा, थोरलीचा पंप गेलाय, काका पोस्टासमोर आहेत. माल मग उतरवा."

"त्या जरा रागात दिसतायत," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"राग माझ्यावर आहे. माशांवर नाही, असं सांगा."

ठिपका वळला. मी त्याला पुलावरून परत येताना पाहत राहिले. त्याला ढकलता येत नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवलं. दोन्ही नावं एकमेकांवर चढली, वाचता येईनाशी झाली. मी फोन करायला गेले आणि ठेवला. काकांचे हात कामात होते.

काही वेळाने त्यांचाच आला. "बुडबुडे सुरू झाले. एकजण खाली गेला, पोहतोय. दुसरा अजून वरच आहे, पण कल्ले हलतायत. मावशी त्याला दम देतेय."

आई आली तेव्हा तोंडात कापूस होता, त्यामुळे मला सगळं सांगून टाकायला मोकळं मैदान मिळालं. मावशीला काय बोलले तेही सांगितलं. आईने ऐकून घेतलं, शेजारचं स्टूल ओढलं, बसली आणि बोटाने फोन दाखवला. खुर्चीवरून मला उठवलं नाही.

मावशीचा फोन आता लागला.

"बोला साहेब," ती म्हणाली.

"चुकले मावशी. ठिपक्यांची नावं उलटी होती, पण बोलले मीच."

"हूं. तुझा दुसराही खाली गेला. पुढे?"

"आता कुठे आहेस?"

"का, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय," मी म्हटलं. "तरी तू सांग."