कदीम

“काय म्हणता साहेब? पडलेली भिंतबी उभारायची न्हाई?” सांबप्पाच्या हातातली चुन्याची बादली कलंडता कलंडता राहिली.

“इजाजत न्हाई. बारवेभोवतीची सगळी कदीम, जुनी घरं आता सरकारच्या हिफाजतीत,” हैदराबादहून आलेल्या उर्दू हुकुमाची घडी घालत मोजणीचे अमीन म्हणाले. “नवा दगड लावायचा न्हाई, जुना हलवायचा न्हाई. चल, हद्दीची रेघ मार.”

बावीस वर्षं कचेरीत शिपायाचा पट्टा बांधला, पण असला हुकूम सांबप्पानं बापजन्मात ऐकला नव्हता. महिन्यापूर्वी अमीन जुन्या घरांची यादी करायला आले, तेव्हा हाच शहाणा पुढे पळत दारोदार सांगून आला होता, “इचारलं तर कदीम म्हणा. सात पिढ्या सांगा.” कचेरीच्या दाराशी उभं राहून त्यानं एकच पाहिलं होतं, ज्याचा कब्जा कदीम, त्याचा दावा पक्का. मग काय, अख्ख्या गल्लीनं छाती फुगवून सात पिढ्या सांगितल्या. सांबप्पानंही सांगितल्या, आणि त्याचं घर तर त्याच्या वडिलांनी बांधलेलं! एकटा मुंजाजी तेवढा हट्टी. “खोटं कशाला सांगू? दोन सालांमागंच बांधलंय,” म्हणाला, तर सगळे त्यालाच हसले.

आता चुन्याची रेघ मुंजाजीचं घर सोडून वळली. मुंजाजी दारातच उभा होता. रेघेला वाट द्यायला त्यानं दारातली घागर आत घेतली. चार शिव्या दिल्या असत्या तरी सांबप्पाला बरं वाटलं असतं.

रेघ सांबप्पाच्या घरापाशी आली. मागची भिंत पडून घर आरपार दिसत होतं. त्याच खोलीत शिवम्माची बाज टाकायची होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिची आई सिद्धम्मा भिंतीसाठी माती तुडवत होती.

“साहेब, म्या खोटं बोललो. चाळीस वरसाचंच हाय घर.”

“सात पिढ्या म्हणून अंगठा तूच दिलास की,” अमीन म्हणाले.

सिद्धम्माचे पाय चिखलातच थांबले. “मंग पोरीला निजवू कुटं?”

आपल्याच जिभेनं आपलं घर आणि गल्ली बांधून टाकली, हे सांबप्पाला अजून खरं वाटत नव्हतं. त्यानं वाकून आपल्या उंबऱ्यापुढून रेघ ओढली, बाकीच्यांच्या दारापुढे ओढली तशीच सरळ.

सिद्धम्मानं पाय धुतले. घडवंचीवरची वाकळ आणून ती भिंतीच्या जागी दोरीवर टाकू लागली. एक टोक तिच्या हाताला पुरेना. सांबप्पा बादली ठेवून मदतीला निघाला आणि उंबऱ्यापुढचा ओला चुना पुसला जाऊ नये म्हणून पाय उचलून घरात शिरला.