वाटायचा दगड, जोडायचा दगड

मी एक जुना दगड आहे. अर्धा दगड म्हणा हवं तर. माझा दुसरा अर्धा भाग बर्फाच्या तीन खिंडींपलीकडे राहत असे आणि आमची भेट वर्षातून एकदाच होई. एका बाजूने मी गुळगुळीत आहे, दुसऱ्या बाजूने खडबडीत. माझी सगळी गोष्ट त्या खडबडीत बाजूवर आहे. गुळगुळीत बाजूबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मित्रांनो, तुम्हाला मी मित्र म्हणतो आहे, पण जरा बिचकतच. कारण तिबेटच्या सीमेलगत बर्फाळ डोंगरात राहणाऱ्या ज्या शौका लोकांत माझं आयुष्य गेलं, ते हा शब्द असा ऊठसूट कुणाला लावत नसत. त्यांच्या मिलम गावच्या व्यापाऱ्याला पलीकडे तिबेटात मित्र म्हणून एकच माणूस असे. व्यापार त्याच्याशीच करायचा. शेजारच्या तंबूत मीठ स्वस्त मिळालं तरी तिकडे वळून बघायचं नाही. बाप गेला की मुलाने बापाचा मित्र सांभाळायचा. आणि ही मैत्री जुळली की एक दगड फोडून त्याचा अर्धा अर्धा भाग दोघांनी घ्यायचा. तो दगड म्हणजे मी.

माझा जन्म मानसरोवराच्या काठचा. किती हजार वर्षं मी त्या पाण्यात लोळत होतो, देव जाणे. एका उन्हाळ्यात दोन माणसं काठावर आली. एक होता मिलमच्या हयातसिंगचा आजा, दुसरा तिबेटातल्या तोबग्यालचा. त्यांनी सगळ्या काठातून मला निवडलं, याचा मला अजून थोडा गर्व आहे. मग कुऱ्हाडीच्या तुंब्याचा एक घाव घातला, तेव्हा तो गर्व उतरला. दोन्ही अर्धे त्यांनी पुन्हा एकमेकांना लावून पाहिले. केसही आत जाईना. त्यावर दोघे छांग, म्हणजे जवाची दारू, प्याले आणि आपापला अर्धा भाग छातीशी, अंगरख्याच्या घडीत ठेवून आपापल्या वाटेने गेले.

तेव्हापासून माझी ये-जा सुरू झाली. हिवाळ्यात सगळं मिलम गाव कुलपं लावून खालच्या दरीत उतरे. उन्हाळ्यात परत वर येई आणि श्रावणाच्या सुमाराला शेळ्यामेंढ्यांचा तांडा निघे. प्रत्येक शेळीच्या पाठीवर लोकरीच्या दोन छोट्या झोळ्या असत, त्यांत जव, गहू, गूळ. ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तिन्ही खिंडी एकाच दिवसात ओलांडाव्या लागत, कारण मध्ये मुक्काम म्हणजे मरण. वारा असा की माणसं एकमेकांशी बोलत नसत, नुसती शीळ घालत. तो दिवस मी पन्नास-साठ वेळा तरी पाहिला असेल. प्रत्येक वेळी जो कुणी मला नेत असे त्याच्या छातीचे ठोके मला ऐकू येत आणि ते मोजत मी खिंड पार करत असे.

आजे गेले, बाप गेले, आणि मी हयातसिंगच्या अंगरख्यात आलो. हयात उंच, कमी बोलणारा, आणि बोललाच तर वाकडं. तिकडे तोबग्याल त्याच्या अगदी उलट, तोंडाचा पट्टा सदा चालू. उत्तरेकडच्या खाऱ्या तळ्यांवरून तो याकांवर मीठ घेऊन येई आणि मानसरोवराच्या काठी तंबू ठोकून वाट पाही. हयात दिसला की लांबूनच ओरडे, "आलास? मला वाटलं, या वर्षी वाऱ्याने उडवलं तुला." हयात म्हणे, "तुझी बडबड पोचते तिथवर वारा कसला येतोय."

बोलणी मात्र दगड जुळल्याशिवाय सुरू होत नसत. साक्षीला चार म्हातारे बसत, दोन्ही अर्धे भाग पुढे येत आणि जोडले जात. लोकांची अशी समजूत होती की कुणी चोरून दुसऱ्याशी सौदा केला तर दगड जुळत नाही. मी दगड आहे, मला विचाराल तर असलं काही नसतं. पण मला कुणी विचारलं नाही.

मग हयातचं लग्न झालं. रुकमा घरात आली, अठरा वर्षांची, कामाला चपळ आणि जिभेलाही. वरच्या गावात तिचा तो पहिलाच उन्हाळा. सामान सोडताना कळलं की मीठ वाटायचा गोटा खालच्या दरीतच राहिला. शौक्यांच्या घरात तिरफळासारखा झणझणीत तिमूर आणि मिरची घालून वाटलेल्या मिठाशिवाय घास उतरत नाही. रुकमाने इकडेतिकडे पाहिलं आणि फडताळातल्या लोकरी पिशवीत तिला मी सापडलो. हाताला छान बसणारा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. वाटायला आणखी काय हवं?

तिला नावं ठेवू नका. तिच्या माहेरीही मैत्री होती, पण त्यांच्याकडे मैत्रीचा कागद असे, मोहर लावलेला. दगड जपायचा असतो हे तिला कोण सांगणार? तिने चांगलं मूठभर मीठ घेतलं आणि जोर लावून वाटू लागली. सहाव्या-सातव्या रगड्याला माझ्या कडेचा नखाएवढा तुकडा टचकन उडाला.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आत आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. तुटलेली कड मात्र त्यांच्या नजरेस पडली नाही.

"अगं, काय हे! त्यावर कसलं मीठ वाटतेस? मित्राचा दगड आहे तो."

"कुणाचा?"

"मित्राचा! हयातने पाहिलं तर घर डोक्यावर घेईल. पूस तो आणि ठेव होता तिथे."

रुकमाची पाचावर धारण बसली. तिने मला पुसलं, पिशवीत घातलं, आणि तो तुकडा उचलून आपल्या दागिन्यांच्या डब्यात टाकला. नवऱ्याला सांगायचं तिने ठरवलं होतं. पण त्या दिवशी हयात शेळ्यांच्या खुरांना तेल लावत होता, दुसऱ्या दिवशी झोळ्या शिवत होता, आणि तिसऱ्या दिवशी तांडा निघाला. ती मूग गिळून बसली.

त्या वर्षीच्या वाटेचं मला काहीच आठवत नाही. मला फक्त पुढे काय होणार ते दिसत होतं.

मानसरोवराच्या काठी चार म्हातारे बसले. तोबग्यालने आपला अर्धा काढला, हयातने मला काढलं. आम्ही जुळलो, आणि कडेला एक फट राहिली. नखाएवढीच, पण त्या काठावर तेव्हा एवढी मोठी दुसरी कुठली गोष्ट नव्हती. पेन्पा नावाचा म्हातारा होता, बोलणं कमी आणि टोचणं जास्त. तो म्हणाला, "दगड खोटं बोलत नाही, हयात. कुणाच्या तंबूत चहा पिऊन आलास?"

हयातने मला उचलून पुन्हा लावून पाहिलं. फट तशीच. मित्र तुटला म्हणजे सगळ्या काठावर त्याच्याशी कुणी सौदा करणार नव्हतं. शेळ्या रिकाम्या पाठीने परत जाणार, आणि आज्याने जोडलेलं नातं नातवाने घालवलं असं मिलमपर्यंत सगळे म्हणणार. तो एवढंच म्हणाला, "मी काही केलेलं नाही. दगडाला काय झालं, मला ठाऊक नाही."

"सगळे असंच म्हणतात," पेन्पा म्हणाला.

तोबग्यालने मला हातात घेतलं, उन्हात धरलं, तुटलेली कड नाकाशी नेली. आणि मग सगळ्यांदेखत मला चाटलं. त्याचे डोळे बारीक झाले, पाणी आलं, त्याला जोराचा ठसका लागला.

"मिरची!" तो म्हणाला. "आणि तिमूर. आणि मीठ. हयात, तुझं लग्न झालं ना रे?"

"झालं."

"मग वहिनीने वाटलंय यावर." त्याने मला म्हाताऱ्यांपुढे नाचवलं. "चाखा, चाखा. हे मीठ कुणाचं आहे? माझं आहे! उत्तरेच्या तळ्याचं. दुसऱ्याचं असतं तर मला कळलं नसतं? हा याच्या घरात माझंच मीठ खातो, आणि तुम्ही म्हणता मैत्री मोडली."

पेन्पानेही चाखलं. त्याच्या तोंडात दोनच दात होते, पण मिठाची पारख पक्की होती. तो कुरकुरत म्हणाला, "मीठ तर याचंच आहे. पण फट आहे ती आहेच."

तोबग्यालने चहाच्या बुधल्याशेजारचा लोण्याचा गोळा घेतला, अंगठ्याने फटीत दाबला आणि वरून पुसून टाकला. "आता कुठाय फट?" असं त्याने विचारलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, सौदा सुरू झाला आणि हयातचा जीव भांड्यात पडला.

निघताना तोबग्यालने काठावरून एक गोल गोटा उचलून हयातला दिला. घरी आल्यावर हयातने तो गोटा रुकमापुढे ठेवला, मला त्याच्याशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "हा वाटायचा. हा जोडायचा." एवढंच. ती लाजेने लालबुंद झाली, पण तुकड्याचं नाव तिने काढलं नाही. पुढल्या वर्षी गुपचूप पिशवीत घालून देऊ, असं तिने मनाशी म्हटलं. पुढल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या. त्याच्या पुढल्या वर्षी धाकटा पोटात होता. दरवर्षी तांडा निघताना ती डब्याला हात लावी आणि म्हणे, आता पुढल्या खेपेला. दरवर्षी मानसरोवराच्या काठी फटीत लोणी भरलं जाई, आणि तोबग्याल विचारे, "वहिनी अजून वाटते का रे मीठ?"

मग पुढलं वर्ष आलंच नाही. दोन मोठ्या देशांचं युद्ध झालं आणि खिंडी बंद झाल्या. शेळ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. श्रावण आला तशा त्या वरच्या वाटेकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. शेवटी हयातने त्या विकून टाकल्या. मिलममधली घरं एकेक करून रिकामी झाली, छपरं आत कोसळली. हयात खाली मुनस्यारीला आला आणि लोकरीच्या चादरी विणू लागला. तो मला रोज संध्याकाळी हातात घेऊन बसे. जेवताना दुकानातलं मीठ जिभेला लागलं की तोंड वाकडं करे. एका हिवाळ्यात तो गेला, आणि त्यानंतर मला हातात घेणारं कुणी राहिलं नाही.

आधी मी लोणच्याच्या बरणीवर बसलो. मग धाकट्याची बायको बिमला, हिला दार वाऱ्याने आपटतं त्याचा वैताग, तिने मला उंबऱ्याशी दाराला टेकू म्हणून लावलं. तिला दोष नाही. तिला मी कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला लागून माझी खडबडीत बाजू हळूहळू झिजत गेली. मित्रांनो, लाथेचं मला दुःख नव्हतं. माझी गोष्ट पुसली जात होती, याचं होतं.

खिंडी बंद होऊन चाळीसएक वर्षं झाली. एके दिवशी भर दुपारी पन्नाशीची एक तिबेटी बाई दारात आली. उन्हातून आत येताना तिला काही दिसलं नाही, तिचा पाय माझ्यावर अडखळला. तिने खाली पाहिलं. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मला उचललं.

"अहो, तो दार अडवायचा दगड आहे," बिमला म्हणाली. "लागलं का?"

"हे हयातसिंगचं घर ना?" बाईने विचारलं. "मी यांगकी. तोबग्यालची मुलगी. डोंगराच्या पायथ्याला, हल्द्वानीत स्वेटर विकते. तिथे मिलमचा एक माणूस भेटला, त्याने पत्ता दिला."

असं म्हणून तिने अंगरख्याच्या घडीतून माझा दुसरा अर्धा काढला. तो काळा झाला होता, चुलीच्या धुराने. त्याने मला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही. आम्ही दगड आहोत, आम्हाला चटकन भरून येत नाही. पण मला त्या दिवशी भरून आलं.

रुकमा आता सत्तरीची, डोळ्यांनी अधू. ती भिंतीला धरून बाहेर आली. "तोबग्यालची पोर? ये, ये बाई. बाबा आहेत का?"

"नाहीत. खिंड बंद झाल्यावर ते तीन उन्हाळे मीठ घेऊन मानसरोवराच्या काठी बसले. लोक म्हणाले, दुसऱ्याला विक. बाबा म्हणाले, माझा मित्र आहे. मग आम्हालाच तिथून निघावं लागलं."

यांगकीने माझी कड जिभेला लावली, बापाने लावली होती तशी. आणि म्हणाली, "चव गेली."

रुकमा आत गेली. डबा घेऊन आली आणि चाचपत त्यातून तो नखाएवढा तुकडा काढला. "हा माझ्याकडेच होता," ती म्हणाली. "मी वाटताना उडाला. तुझ्या बाबांकडे पाठवायचा होता. दरवर्षी म्हणायची, पुढल्या खेपेला. यांच्याशीही कधी बोलले नाही." आणि म्हातारी रडू लागली.

"बाबांना ठाऊक होतं," यांगकी म्हणाली. "म्हणायचे, तुकडा वहिनीच्या डब्यात असणार, बायका असलं काही टाकत नाहीत. आई म्हणायची, मग मागा की. तर म्हणायचे, मागितला तर लोणी लावायला निमित्त कुठून आणू?"

तिघींनी मिळून आम्हाला जोडलं. तुकडा बसवला. पण मी इतका झिजलो होतो की तो माझ्यात सैल बसला, आणि आम्हा दोघांत बोटभर अंतर राहिलं. रुकमाने फटीवरून बोट फिरवलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"घरात लोणी आहे?" यांगकीने विचारलं.

बिमलाने फ्रीजमधून पुडा आणला. पिवळं, दुकानचं, पोरांच्या पावासाठीचं. नखाएवढ्या गोळीने काम होईना, अर्धा पुडा लागला. यांगकीने अंगठ्याने दाबून दाबून भरलं, मग अंगठा चाटला आणि हसली.

"काय झालं?" रुकमाने विचारलं.

"खारट आहे," यांगकी म्हणाली. "चालेल."

यांगकी आपला अर्धा इथेच ठेवून गेली, आणि आता आम्ही दोघे मुनस्यारीच्या त्या घरात, खिडकीत आहोत. यांगकी दर उन्हाळ्यात येते तेव्हा रुकमा लोणी बदलते. दाराला बिमलाने लाकडाची पाचर लावली आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी अर्धी वस्तू दाराशी पडली असेल. फेकण्याआधी घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, हिचा दुसरा अर्धा कुणाकडे आहे. आणि तुमच्या डब्यात कुणाचा तुकडा असेल, तर तो याच खेपेला पाठवा.