जयंतीच्या तोंडून

ग्लेब सेर्गेयेविच भाषेचे पंडित होते की भाषेचे चौकीदार, हे जयंतीला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. रशियन शब्दांच्या मुळांवर त्यांनी लेनिनग्राडमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिले होते. पुढे सोव्हिएत देश मोडला आणि राष्ट्राभिमान त्यांच्या डोक्यात गेला. परक्यांनी आमची भाषा बाटवली, असे लेख लिहून त्यांनी निम्म्या मित्रांशी वैर घेतलं. मग पगार थकला आणि पोटासाठी आले कुठे, तर परक्यांच्याच देशात, कोबेच्या एका विद्यापीठात. जाज्वल्य अभिमानालाही दोन वेळा जेवायला लागतंच.

जपानी शिकणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यामुळे त्यांचं बँकेपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं बोलणं जयंती करी. ती पुण्यात रशियन शिकली होती, शिकवत होती. नवरा मोहन मोत्यांच्या कंपनीत लागला म्हणून कोबेला आली, जपानी शिकली आणि ग्लेबच्याच परकीय भाषांच्या विभागात तासांवर शिकवू लागली. रशियन रिवाजाप्रमाणे ग्लेब तिच्या वडिलांचं नाव जोडून तिला ‘जयंती विश्वनाथोव्ना’ म्हणत. तिला ते फार आवडे.

कोबेच्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी विभागात कायमची एक जागा निघाली. जयंतीला ती हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. ‘मोहनची बायको’ यापलीकडे या देशात तिला काही व्हायचं होतं.

“काळजी नको,” ग्लेब म्हणाले. “तुमच्याइतकं स्वच्छ रशियन माझे पुतणेसुद्धा बोलत नाहीत.”

विभागप्रमुख मोरितांनी बैठकीत ग्लेबना मत विचारलं. मोरितांचा विषय फ्रेंच. त्या खोलीत ग्लेब आणि दुभाषी म्हणून बसलेली जयंती यांच्याखेरीज रशियन कुणालाच येत नव्हतं. ग्लेब छाती काढून बोलले. दुभाष्याने ‘ते म्हणतात’ म्हणायचं नसतं, बोलणाऱ्याच्याच तोंडाने बोलायचं असतं. तशी जयंती बोलली.

“ही बाई माझी भाषा उत्तम शिकली आहे. पण शिकलेली भाषा ती शिकलेलीच. रशियन आईच्या पोटी जन्मल्याशिवाय रशियन शिकवता येत नाही. ही जागा हिला देऊ नये, असं माझं मत आहे.”

तिचा आवाज एकदाही कापला नाही. मोरितांनी खाली मान घालून टिपून घेतलं.

घरी मोहन उसळलाच. “अगं, ट्रान्सलेशन तुझ्या हातात होतं! थोडं अ‍ॅडजस्ट करायचंस. कोणाला कळणार होतं?”

“तसं करत नाहीत, मोहन,” ती म्हणाली आणि ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली.

हिवाळा सरता सरता मोरितांनी दोघांना पुन्हा बोलावलं. “सेन्सेईंचा सल्ला आम्ही मानला,” ग्लेबना जपानी रिवाजाप्रमाणे ‘गुरुजी’ म्हणत ते अदबीने म्हणाले. “त्या जागेसाठी जुन्या गाड्या रशियाला पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याची बायको मिळाली आहे. जन्माने रशियन. शिक्षण बेताचं आहे, पण जन्मच महत्त्वाचा, असं सेन्सेईच म्हणाले. सगळे तास त्याच घेतील. तेव्हा सेन्सेईंचा करार आम्ही मार्चनंतर वाढवत नाही.”

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेल्या माणसाला तो धोंडा कुणीतरी दाखवावा लागतो. जयंतीने एक शब्दही न गाळता दाखवला.

ग्लेबचा चेहरा उतरला. ते पंडित आहेत, व्यापाऱ्याची बायको नव्हे, हे त्यांनी सांगून पाहिलं. मग अर्ध्या पगारावर राहतो म्हणाले. शेवटी तर हात जोडायचेच राहिले होते. जयंतीने त्यांची विनवणी जपानीतल्या सगळ्या आदरार्थी रूपांसह मोरितांपुढे मांडली. स्वतःसाठी तिने कधी इतकं गोड बोलून पाहिलं नव्हतं. मोरिता कमरेत वाकले, फार खेद वाटतो म्हणाले आणि उठले.

जिन्यात ग्लेबनी तिचा दंड धरला. डोळ्यांत संशय होता.

“खरं सांगा, जयंती विश्वनाथोव्ना. सूड उगवलात ना? माझे शब्द बदललेत ना तुम्ही?”

तिने दंड सोडवून घेतला. त्या पहिल्या बैठकीत बदलायला हवे होते, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही.