उठण्याची मुभा

बेगिमायने पेनचं टोपण लावलं, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि बोलणाऱ्या बाईचं वाक्य अर्धं असतानाच ती उठली. दारापर्यंत जाताना तिने मागे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. मागे दुसरी एक खुर्ची करकरली होती.

व्हरांड्यात येऊन ती खिडकीशी उभी राहिली. खाली जुन्या शिवण कारखान्याच्या आवारात चिनारांची पानं पडली होती. तपकिरी कोटातला तो उंच माणूस तिच्यामागून बाहेर आला, टोपी काखेत धरून समोवारपाशी गेला आणि तिच्याकडे न बघता चहा ओतू लागला.

समोरच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सकाळी ती भिंत कोरी होती. ‘पुस्तकांचं पुढे काय?’ एवढा एकच प्रश्न वर लिहिलेला. प्रमुख पाहुणे नाहीत, भाषणं नाहीत, कार्यक्रमपत्रिका नाही. ज्याला ज्या विषयावर बोलायचं असेल त्याने तो चिठ्ठीवर लिहायचा, एखादी खोली धरायची आणि बसायचं. खाली लाल अक्षरांत नियम होता: ‘जिथे मन रमत नाही तिथून उठा. कुणी रागावणार नाही.’

नियम सगळ्यांनी वाचला होता, पण सकाळपासून कुणीही उठलं नव्हतं. फक्त ती, आणि तिच्यामागून तो.

बेगिमाय पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. एका निरीक्षणावर तिचा विश्वास बसत नसे. म्हणून ती आधी बालपुस्तकांच्या खोलीत गेली, मग अनुवादाच्या, आणि शेवटी मुद्दाम ‘खेड्यांतल्या ग्रंथालयांची गळकी छपरं’ या विषयाच्या. तो प्रत्येक ठिकाणी आला. ती उठली की तोही उठला.

हे सगळं घडवून आणणारी जानिल तळलेल्या बोर्सोकचं ताट घेऊन जात होती. बेगिमायने तिची बाही धरली.

“तो तपकिरी कोटवाला कोण?”

“तोलोगोनकाका. छातीवर लिहिलंय की.”

“नुसतं नाव. बाकी सगळ्यांनी काम पण लिहिलंय.”

“तू तरी कुठे लिहिलंयस? आणि ती चिठ्ठी लाव आता. सकाळपासून खिशात उबवतेयस, पिल्लू निघेल त्यातून.”

जानिल हसत गेली. बेगिमायने खिशात हात घातला. चिठ्ठी ओलसर झाली होती. ‘एका वाचकासाठी एक प्रत: फिरता छापखाना.’ भावाच्या मिनीबसमध्ये तिने छपाईचं यंत्र बसवलं होतं. उन्हाळ्यात नारीनच्या डोंगरांतल्या गावांत ती फिरली होती. मूल पुस्तकाचं नाव सांगे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते छापून, बांधून निघे. एका मुलीने ती कोमट प्रत गालाला लावून ठेवली होती. पण पुढचं काम एकटीच्याने होणारं नव्हतं. भावाने, कुबातने, तर काल स्पष्टच सांगितलं होतं, “उद्या सोबती मिळाले तर बघू. नाहीतर सोमवारपासून गाडी काराकोलच्या फेऱ्या मारेल. माणसं भाडं देतात, पुस्तकं नाही देत.”

सोबती हवे तर सांगावं लागणार, आणि सांगितलं की कुणीतरी मोठा छापखानेवाला ती कल्पना उचलणार. पिशवीच्या तळाशी एक छोटी बाटली होती. प्रयोगशाळेतल्या सुट्टीच्या दिवसांत तिने बनवलेला, पुस्तकं बांधायचा डिंक. कडाक्याच्या थंडीतही तो तडकत नसे. लेबलावर तिच्याच अक्षरात त्यात काय किती घालायचं याचं प्रमाण लिहिलेलं होतं.

ती सरळ समोवारपाशी गेली.

“काका, माझ्या मागे मागे का फिरताय?”

त्याने पियाला खाली ठेवला. “आलं वाटतं लक्षात.”

“कुणी पाठवलंय तुम्हाला?”

“मुलीनं. म्हणाली, घरात बसून टीव्हीशी भांडू नका, जरा बाहेर पडा.”

“कामाला कुठे आहात?”

“होतो. शाळेची पुस्तकं छापतात ना, तिथे. कागद, शाई, डिंक, सगळी खरेदी माझ्याकडे.”

बेगिमायने पिशवी पुढून मागे घेतली.

“पोरी, रागावू नको,” तो म्हणाला. “तिथे लिहिलंय, कंटाळा आला की उठा. लिहिणाऱ्याला काय जातंय! माझ्या वयाचा माणूस मधेच उठला की बोलणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. सकाळी असाच अडकलो होतो. मग तू उठलीस. म्हटलं, हिच्याबरोबर उठलं की पोहोचवायला निघाल्यासारखं दिसेल. तेव्हापासून तू जाशील तिथे येतोय. तू उठणार याची खात्री!” त्याने कमरेवर हात ठेवला. “त्या छपरांच्या खोलीत मात्र फार बसलीस बाई.”

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. त्याचं उत्तर सगळ्या निरीक्षणांना लागू पडत होतं. तिचा संशयही तितकाच लागू पडत होता.

शेवटच्या फेरीत एक खोली रिकामी होती. तिने चिठ्ठी लावली.

खोली भरली. तोलोगोन आत आला तेव्हा दोघा-तिघांनी उठून त्याला दारासमोरच्या भिंतीकडची मानाची जागा दिली. तो बसल्यावर बाकीचे बसले. बेगिमाय बोलू लागली. मिनीबस, गावं, यंत्र, सगळं सांगितलं. डिंकाचं नाव काढलं नाही. माना हलत होत्या.

“छान आहे, ताई,” कुणीतरी म्हणालं.

“फार छान,” दुसऱ्याने दुजोरा दिला.

टेबलाखाली एक बाई फोन चाळत होती. एका तरुणाने जाकीट मांडीवर घेऊन ठेवलं होतं आणि तो दाराकडे बघत होता. बेगिमायला दिवसभरातल्या खोल्या आठवल्या. प्रत्येक खोलीत ‘छान’ होतं आणि कुठूनही कुणी उठलं नव्हतं. जे उठतच नाहीत, त्यांच्या बसण्याला काय अर्थ?

ती बोलता बोलता थांबली.

“मी बाहेर जाते. ज्यांना जायचंय त्यांनी जा. मी कुणाचा चेहरा बघणार नाही.”

“अगं, असं काय करतेस?” जानिल म्हणाली. तोवर ती दाराबाहेर होती.

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ दार उघडलं नाही. कुबात आत्ता गाडी धूत असेल, ती मनाशी म्हणाली. मग आत खुर्ची करकरली. ती करकर ती दिवसभर ऐकत आली होती.

पावलं तिच्या मागून समोवारपर्यंत गेली. तिने बोटं मुठीत आवळली. आणि लगेच दार पुन्हा उघडलं. जाकिटांची सळसळ, दबकं बोलणं, जिन्यावर बरेच पाय.

“बरं झालं काका उठले,” कुणीतरी हळूच म्हणालं.

मग शांतता. आणि आतून एक आवाज: “पण तिकडच्या हिवाळ्यात बांधणी टिकते का? पानं सुटणार.”

“तेच विचारू तिला. जाऊ नको, बस,” दुसरा आवाज म्हणाला.

बेगिमाय वळली. तोलोगोन चहावर फुंकर घालत होता.

“कंटाळलात?”

“नाही.”

“मग?”

“मी बसून राहिलो असतो तर ते कसे उठले असते?” त्याने दाराकडे मान केली. “आत थोडेच उरलेत. पण जे आहेत ते खरंच बसलेत. जा.”

आत पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढणारी एक बाई, शाळेचे दोन शिक्षक आणि जानिल होती. खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या होत्या. बेगिमायने पिशवीतून बाटली काढली आणि लेबल अंगठ्याने झाकून टेबलावर धरली.

“हिवाळ्याचं विचारत होतात ना,” ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. तोलोगोन पियाला हातात घेऊन आत आला. शिक्षक समोरची जागा द्यायला उठू लागले, तसं त्याने हाताने त्यांना बसवलं आणि दाराला लागून असलेल्या स्टुलावर बसला, जिथे त्याच्या वयाच्या माणसाला कुणी कधी बसू देत नाही.

बेगिमायने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग लेबलावरचा अंगठा काढला.