आधी उजवी बाजू

*जे विचारायचं नव्हतं*

मावशींनी मनाशी गाठच मारली होती, काही झालं तरी पोरीला विचारायचं नाही.

मावशी म्हणजे इस्पितळातल्या डायलिसिसच्या मशीनवाल्या. मशीनं त्यांच्या हाताखाली चालायची, कुरकुरायची, रुसायची. पोरगी परदेशात, आणि नोकरी कुठे, तर हीच मशीनं बनवणाऱ्या कंपनीत. लहानपणी शाळा सुटली की ती इथंच येऊन मशीनच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत बसायची, म्हणून सगळ्यांची भुंगी. आता जगभरातून तिला फोन येतात, लाल दिवा लागलाय, काय करू? ती सांगते. फक्त आईला सांगायची सोय नाही. तिकडच्या सरकारनं या देशावर निर्बंध घातलेत, आणि तिथल्या कायद्यात सल्लासुद्धा माल धरतात. सरहद्दीपार गेला की गुन्हा. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं आपल्या इकडच्या मामाला एक स्क्रू कुठे असतो ते सांगितलं. नोकरी गेलीच, वर खटला.

म्हणायला इस्पितळाच्या सामानाला सूट होती. जेवायला बसा म्हणायचं आणि ताट वाढायचं नाही, तसली. बँक पैसे पुढे सरकवेना, जहाजवाला खोकं उचलेना. "सूट आहे हो, पण उगाच झंझट कशाला?" म्हणत जो तो हात झटकत होता. दोनातलं एक मशीन सुट्या भागांवाचून बंद पडलं, तेव्हा त्याच्यावरचे बेकरीवाले आजोबा दुसऱ्या गावी जायला लागले. दोनदा गेले. तिसऱ्यांदा नाही.

आता उरलेल्या एकाचाही लाल दिवा लागला होता, आणि खुर्चीत शिंपीकाका. मावशींच्या नवऱ्याचे जुने दोस्त. नवरा गेला, दोस्त उरला.

"वहिनी, पोरीला यात ओढलंत तर मी मशीनवर बसायचा नाही, सांगून ठेवतो."

"न बसून जाल कुठे?"

"वरती."

"तिथे तुमच्या मित्रानं जागा अडवून ठेवलीय. गप बसा."

*जे बोललं गेलं*

रविवार सकाळ, भुंगीच्या फोनची वेळ.

"आई, ती टूंटूं कसली?"

"किटली."

"वॉर्डात?"

"आम्ही चहा प्यायचा नाही का?"

"किटली तीनदा वाजून थांबत नाही, आई. थांबून परत वाजत तर नाहीच."

शिंपीकाकांनी फोन ओढून घेतला. "भुंगे! मी शिवलेला कोट होतो का गं अजून?"

"खांद्यात घट्ट झालाय, काका."

"म्हणजे जेवतेस. शिवणीत कापड सोडलंय, उसवून घे. आणि तिथल्या शिंप्याला हात लावू देऊ नकोस, सगळा बिघडवून ठेवेल."

"काका, तुम्ही काल मशीनवर बसायला हवं होतं ना?"

"बसलोय की." खुर्चीवर बसले होतेच. खोटं कुठे होतं?

फोन परत मावशींकडे आला. पलीकडे पोरीनं मोठा श्वास घेतला.

"आई, ऐक. डाव्या बाजूच्या—"

मावशींनी फोन कापला. पोरीचा फोन, जन्मात पहिल्यांदा.

*अर्धं वाक्य*

"काका, काही ऐकलंत?"

"मी? माझ्या कानात तुमची किटली वाजतेय."

"मीही नाही ऐकलं."

"मग झालं तर."

झालं कसलं! ते दोन-अडीच शब्द माशाच्या काट्यासारखे घशात बसले. मशीनचा आतला भाग पूर्वी कंपनीची माणसं येऊन उघडायची. मावशींनी कधी हात लावला नव्हता. आता डावं झाकण समोर होतं आणि हातात पेचकस.

मावशींनी उजवं झाकण उघडलं.

*उजवी बाजू*

एकेक झडप काढायची. पुसायची. उजेडात धरायची. परत बसवायची. उद्या कुणी विचारलंच, पोरीनं सांगितलं का, तर नजर न चोरता म्हणता आलं पाहिजे की नाही, मी शोधत शोधत आले. शोधत यायचं तर निघावं कुठून तरी लांबूनच लागतं.

काकांच्या पायांना इतकी सूज होती की बुटाच्या नाड्या सोडून ठेवल्या होत्या. त्यांनी सगळं ओळखलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस.

"सावकाश, वहिनी," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण अगदी सावकाश नको."

सिस्टर दारातून ओरडली, "मावशी, काकांना धाप लागलीय!"

"माहितीये गं!"

उजवीकडची शेवटची झडप राहिली होती. मावशींनी काकांच्या ओठांकडे पाहिलं. निळसर. ती झडप त्यांनी उघडलीच नाही. तेवढी लबाडी स्वतःच्या पदरात घेतली आणि डावं झाकण खोललं.

पहिल्याच झडपेचं रबर जुन्या कॉलरच्या कडेसारखं विरलेलं.

नवं कुठून आणणार? शेजारच्या मेलेल्या मशीनमधलं काढून बसवलं, बेकरीवाल्या आजोबांचं. तेही म्हातारंच होतं, आणि त्याच्यामागे दुसरं नव्हतं. पण टूंटूं थांबली. लाल दिवा विझला. मशीन गुणगुणायला लागलं.

*उरलेलं*

सिस्टरनं काकांना जोडलं. नळीतून लाल धार सरकली आणि फोन वाजला.

मावशींनी उचलला. तसाच काकांच्या उशाशी ठेवून दिला, मशीनच्या अंगाला.

मग तिकडून, हळूच, कुणीतरी त्याच सुरात गुणगुणायला लागलं.

"लहानपणापासून बेसूर आहे," काका डोळे मिटून म्हणाले. "पण फोन ठेवू नका."