वाडी कापणारा दगड

मित्रांनो, मी एक जुना जांभ्याचा दगड आहे. आता करवंदीच्या जाळीत आडवा पडलोय, कुत्रंसुद्धा विचारत नाही. पण सहा वर्षं मी पाटवाडीत हद्द म्हणून उभा होतो. पंचायतीचा दोन नंबरचा विभाग माझ्या एका अंगाला, तीन नंबरचा दुसऱ्या.

एकोणीसशे सत्तावीस साली मला चिरेखाणीतून काढलं, घडवलं, आकडे कोरले. मला वाटलं, कुणाच्या तरी घराला लागणार! लागलो कुठं, तर यमुनाबाईच्या अंगणाच्या कडेला, वाडीच्या ऐन मध्यावर.

नियम साधे होते. प्रत्येक विभागात माणसं सारखी हवीत, आणि होता होईल तो वाडी मोडायची नाही. पण कारकून सखाराम माणसं मोजायला आला तो नेमका शिमग्यात! मुंबईचे सगळे चाकरमानी घरी, पालखी दारात. यमुनाबाईनं तोऱ्यात सांगितलं, "बारा लिवा." घरोघर तोच तोरा. वाडी एका विभागात मावेना. मग केले दोन तुकडे. अर्धी वाडी वरच्या गावाला जोडली, अर्धी खालच्या. आठ दिवसांत चाकरमानी गेले. मी राहिलो.

मतं फुटली. पाटवाडीचा भिकाजी दोनदा उभा राहिला, दोनदा पडला. पंचायतीत वाडीचा माणूसच नाही, मग वाडीपुढच्या पऱ्यावर, त्या ओढ्यावर, साकवाचा पूल कोण बांधणार? पावसात पऱ्या भरला की वाडी चार-चार दिवस अडकायची. एकदा यमुनाबाईचा नातू लवू तापानं फणफणला, आणि वैद्य पलीकडच्या काठावरून नुसता ओरडत राहिला. पोर वाचलं ते नशीब.

राग सगळा माझ्यावर. पोरं थुंकायची, बसायचं तर कुणीच नाही. यमुनाबाई तेवढी अंगण सारवताना बोलायची, "मेल्या, मीच तुला हितं आनला रे."

सहा वर्षांनी परत मोजणी. सखाराम परत शिमग्यातच हजर! पुरणपोळी सुटते होय त्याला?

"किती माणसं, यमुनाबाई?"

"तीन. मी, सून आनि लवू."

तिचा मुलगा शिवा, लवूचा बाप, मुंबईहून आलेला, ओटीवरच बसला होता. "आये, मग मी कोन? भूत?"

"पावना," ती म्हणाली. "तू आठ दिवसांनी जाशील. पऱ्या आमाला वलांडायचाय."

सखाराम हसला. "पोटचा पोर पावणा?"

"तू लिव रे! तीन."

शिवा ताडकन उठून गेला. पण ते ऐकून बाकीच्या घरांतल्या बायांनीही तसंच सांगितलं.

आकडा उतरला, वाडी एका विभागात मावली, एक झाली. भिकाजी निवडून आला, साकव झाला. मला पहारीनं उपटून जाळीत ढकललं. बरोबरच केलं म्हणा, पण माझी तगमग कोण बघतो?

पुढच्या शिमग्याला शिवा आला नाही. पालखी अंगणात नाचून गेली, तशी यमुनाबाई जाळीशी आली आणि माझ्यावर टेकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बसलं. लवू साकवावर उभा राहून बापाची वाट बघत होता. ती त्याला हाकही मारीना.

मित्रांनो, हद्दी आखाल तेव्हा जिथं ज्यांची रोज चूल पेटते त्यांना मोजा. सणाची गर्दी मोजून वाडी कापू नका, आणि कुठल्या आईला तिच्याच तोंडानं पोर वजा करायला लावू नका.